गच्चीवरच्या कुंड्यांतल्या भाज्या: फूल येतंय पण फळ धरंना, वेल कशावर चढवू, आणि सारखे येणारे बाकीचे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड, बीड, जालना, हिंगोली, धाराशिव, संभाजीनगर, सगळीकडून गच्चीवर भाजी लावणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथं एका जागी आणलेत. कोकणातल्या नाहीतर पुण्यातल्या बागेचे सल्ले आपल्याकडं जशेच्या तसे चालत नाहीत, आपलं ऊन वेगळं, माती वेगळी, बोअरचं पाणी वेगळं. निम्म्याहून जास्त प्रश्न फूल येऊन फळ न धरण्याचेच असतात आणि बहुतेक जण त्यावर आधी खत टाकतात. माझं म्हणणं एवढंच की आधी फूल नीट बघा, खताचं नंतर बघू.

१. पहिल्यांदाच लावायलोय, कोणती भाजी घेऊ म्हणजे फसणार नाही?

मिरची, वांगं, भेंडी, चवळी, गवार. या पाचही भाज्यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात त्यामुळं माश्या कमी असल्या तरी फळ धरतं. भेंडीत परभणी क्रांती मिळाली तर तीच घ्या, ती आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाची जात आहे, पानाच्या शिरा पिवळ्या पडणारा हळद्या रोग डोळ्यासमोर ठेवून काढलेली, आणि हायब्रीड नसल्यामुळं तिचं बी पुढच्या वर्षी वापरता येतं. मृगाचा पाऊस पडला की लावून टाका. टोमॅटो मात्र घाईनं जूनमध्ये लावू नका, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोप टाका, म्हणजे फुलं थंडीत येतील. त्याचं कारण १० मध्ये आहे.

२. कुंडी किती मोठी पाहिजे? रंगाच्या बादल्या चालतील का?

चालतात, धुऊन तळाला पाच-सहा भोकं पाडा. मिरची-भेंडीला १२ इंच, वांगं-टोमॅटोला १५ इंच किंवा २० लिटरची बादली. दुधी, भोपळा, दोडका यांना कंजूषपणा करू नका, १८ इंची ग्रो बॅग नाहीतर अर्धा कापलेला ड्रम, कारण मेमध्ये दुधीची मोठी पानं दिवसभरात एवढं पाणी ओढतात की छोट्या कुंडीतला वेल दुपारी मान टाकतो आणि कळ्या गळतात. काळ्या रंगाच्या बॅगा उन्हात फार तापतात, पांढरं पोतं गुंडाळा. आणि ओल्या मातीनं भरलेली २० लिटरची बादली २५-३० किलोच्या आसपास जाते, तर जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा बीम आहे तिथं कडेनं लावा.

३. शेतातली काळी माती फुकट आहे, तीच भरली तर?

नुसती नको. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. कुंडीत तर हे डोळ्यानं दिसतं, दोन दिवस पाणी चुकलं की मातीचा गोळा कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटतो, मग तुम्ही वरून तांब्याभर पाणी ओतता आणि ते त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मधल्या मुळ्या कोरड्याच राहतात आणि आपल्याला वाटतं रोज पाणी देतोय की. पावसाळ्यात उलटं, तेच ढेकूळ चिखल धरून बसतं आणि मुळ्या कुजतात. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि कुंडीमागं मूठभर निंबोळी पेंड. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं भरपूर, पण ते कच्चं मातीत मिसळू नका, कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. वरून दोन इंचाचा थर द्या, आच्छादनाला त्याच्यासारखं काही नाही.

४. बोअरच्या पाण्यानं कुंडीवर पांढरा थर येतोय. आरओचं वाया जाणारं पाणी दिलं तर चालेल?

नाही. तो पांढरा थर म्हणजे क्षार, आणि आरओच्या वेस्ट पाण्यात तेच क्षार मूळ बोअरपेक्षा जास्त असतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच, पाणी उडून जातं अन् क्षार मागं राहतात. एसीचं पाणी मात्र बिनधास्त द्या. डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी पण चांगलं, फक्त साबण नको. पाणी जपून वापरायचं आपल्याला शिकवायची गरज नाही, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, म्हणून रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आच्छादन जाड ठेवा आणि सकाळी एकदाच खालपर्यंत भिजेल एवढं द्या. पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवल्या की साचलेले क्षार आपोआप धुऊन निघतात.

५. परागीभवन कोणत्या भाजीला लागतं? मेथी-पालकाला पण करायचं का?

पानं-मुळं खायच्या भाजीला काही संबंध नाही, मेथी, पालक, चुका, मुळा, कांद्याची पात सोडून द्या. फळ खायच्या भाज्यांचे ढोबळ मानानं दोन गट. पहिला, एकाच फुलात दोन्ही भाग असलेले: टोमॅटो, वांगं, मिरची, भेंडी, चवळी, गवार, वाल. यांना जास्तीत जास्त थोडा हलका धक्का लागतो. दुसरा, नर फूल वेगळं अन् मादी फूल वेगळं पण एकाच वेलावर: दुधी, दोडका, कारलं, काकडी, भोपळा, पडवळ, गिलकी. इथं पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात कुणीतरी न्यावाच लागतो, माशीनं, पाखरानं (म्हणजे पतंगानं) नाहीतर तुम्ही. तोंडली, कर्टुली आणि मका या दोन्ही गटांत नीट बसत नाहीत, त्यांचं १४ आणि १५ मध्ये.

६. नर आणि मादी फूल ओळखायचं कसं?

पाकळ्यांकडं बघूच नका, फुलाच्या मागं बघा. मादी फुलाच्या मागं त्याच भाजीचं बारकं पिल्लू असतं, दुधीला करंगळीएवढा लवदार दुधी, कारल्याला खरबरीत बारीक कारलं. नर फुलाच्या मागं नुसता बारीक देठ. फूल उमलायच्या आधी कळी असतानाच हे कळतं.

७. महिना झाला, दुधीला नुसती नर फुलंच येऊ लागलीत. वेल वांझ आहे का?

वेल वांझ नाही. या वेलांना आधी नर फुलंच येतात, मादी त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी सुरू होतात, कधी जास्त. पण युरिया किंवा कच्च्या शेणाचा मारा झाला असेल तर वेल पानंच वाढवत बसतो, आणि कडक उन्हात नर फुलांचं प्रमाण वाढतं. खत थांबवा. दुधीच्या मुख्य दांड्यावर नर फुलं जास्त आणि बाजूच्या फांद्यांवर मादी जास्त, म्हणून वेल मांडवाच्या उंचीला पोचला की शेंडा खुडा, बगलेतून फांद्या फुटतील. ज्याला लोक थ्री-जी कटिंग म्हणतात ते हेच, फक्त फांदीची पण फांदी काढेपर्यंत खुडत जातात. मोठ्या ड्रममधल्या जोमदार वेलाला करा. १२ इंची कुंडीतल्या मरतुकड्या वेलाला करू नका, त्याच्याकडं तेवढी ताकदच नसते. बिनबियांच्या हायब्रीड काकडीला तर मुळीच नको, ती मुख्य दांड्यावरच धरते.

८. हातानं परागीभवन नेमकं कसं आणि कधी करायचं?

वेळ चुकली की सगळं चुकलं, म्हणून आधी वेळ. काकडी, कारलं, भोपळा, गिलकी यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, तेव्हा सहा ते नऊच्या आत, दुपारपर्यंत पराग निकामी होतो. दुधी, दोडका, पडवळ संध्याकाळी उमलतात. पांढरी फुलं रात्रीच्या पाखरांसाठी असतात, आणि दोडका पिवळा असला तरी संध्याकाळचाच आहे हे लक्षात ठेवा. कितीतरी जण सकाळी उठून दुधीच्या मिटायला आलेल्या फुलावर ब्रश फिरवतात आणि मग म्हणतात हातानं करून पण काही होईना.

दुधीचं सांगते. दिवस मावळायच्या सुमाराला गच्चीवर जा, त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागं वळवा किंवा काढून टाका, मध्ये फिकट पिवळा गुंडा राहतो. बोट लावलं तर पिवळी पूड बोटाला लागली पाहिजे, लागली नाही तर ते फूल शिळं, दुसरं घ्या. आता मादी फुलात मधोमध फुगीर, किंचित चिकट भाग दिसतो, त्याला वळणं असतात, त्या सगळ्या बाजूंना तो गुंडा हळूच टेकवत फिरवा. घासू नका, कोवळं असतं. एका मादीला दोन नर फुलं वापरली तर आणखी चांगलं, कारण एकाच बाजूला पराग लागला तर फळ वाकडं किंवा एका टोकाला बारीक होतं, काकडीत हे लगेच दिसतं. देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा म्हणजे कोणतं केलं ते कळेल. चार-पाच दिवसांत ते पिल्लू फुगून चमकायला लागलं आणि देठ जाड झाला म्हणजे धरलं. पाऊस पडत असेल तर त्या दिवशी सोडून द्या, भिजलेला पराग कामाचा नाही.

९. चौथ्या मजल्यावर राहतो, माश्या येतच नाहीत. काय लावलं म्हणजे येतील?

तुळस. मंजिऱ्या खुडू नका, फुलू द्या, फुलोरी माश्या (बारक्या, मुठीएवढं पोळं करणाऱ्या) तिच्यावर हमखास येतात. कोथिंबीर, मोहरी, बडीशेप थोडी फुलावर सोडा, झेंडू ठेवा. पसरट ताटलीत गोटे ठेवून पाणी भरा, मेमध्ये माश्यांना पाण्याची फार ओढ असते. फुलावर काहीही फवारू नका, निंबोळी अर्क असला तरी दिवस मावळल्यावर आणि पानांच्या खालच्या बाजूनं. दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळचीच आहेत, त्यामुळं त्या वेलांवर फुलांना चुकवून मारा. एवढं करून पण माश्या नाही आल्या तर वेलभाज्यांना ८ नंबर आहेच, पहिल्या गटातल्या भाज्यांना काही अडत नाही.

१०. टोमॅटोला एप्रिल-मेमध्ये गुच्छानं फुलं येतात आणि सगळी देठापासून गळतात. कोणतं टॉनिक देऊ?

टॉनिक नको. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २४-२५ च्या खाली उतरत नसेल तर टोमॅटोचा पराग नीट तयारच होत नाही, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो. फूल दिसायला सुंदर, आत पराग निकामी. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावून झाड जगवता येतं, फळ धरेलच असं नाही. उन्हाळ्यात टोमॅटोच्या कुंडीपायी पाणी घालवण्यापेक्षा गवार, भेंडी, चवळी लावा, त्या ऊन काढतात.

थंडीत पण धरत नसेल तर गोष्ट वेगळी. टोमॅटो-वांग्याचा पराग नळीसारख्या कोशात बंद असतो, तो थरथरवून बाहेर पाडावा लागतो. मोठा काळा भुंगा फुलाला धरून पंख न हलवता घूंऽऽ करतो ना, तो हेच करत असतो, मधमाशीला हे जमत नाही. भुंगा येत नसेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, दव वाळल्यावर, फुलाच्या गुच्छामागच्या देठाला टिचकी मारा, किंवा जुना बॅटरीचा टूथब्रश देठाला दोन सेकंद टेकवा.

११. वांग्याला फुलं भरपूर, पण दहातलं एखादंच धरतं. हे पण परागीभवनच का?

अर्धं अर्धं. वांग्याचं एक फूल हातात घेऊन जवळून बघा. मधोमध पिवळ्या कोशांचा झुबका आणि त्यातून हिरवट टोकाचा दांडा बाहेर डोकावतो. दांडा झुबक्याच्या बाहेर लांब आला असेल तर ते फूल धरणारं. झुबक्याबरोबर असेल तर धरलं तर धरलं. आणि दांडा आत खोल बुडालेला असेल तर ते फूल धरणारच नाही, टिचकी मारा नाहीतर काही करा. असली आखूड दांड्याची फुलं प्रत्येक झाडावर थोडी असतातच, ती गळाली म्हणून घाबरू नका. पण सगळीच आखूड यायला लागली तर झाड उपाशी आहे किंवा उन्हानं बेजार आहे, आणि इथं मात्र खत द्या: शेणखताची पाळी, लागलेली फळं वेळेवर तोडा, माती कोरडी पडू देऊ नका.

१२. बारकी काकडी पिवळी पडून गळायली. पराग लागला नाही की कीड आहे?

गळालेलं फळ हातात घ्या. सालीवर एकही डाग नाही, फुलाकडच्या टोकापासून पिवळं होत आकसत आलंय, कापलं तर आत स्वच्छ: पराग लागला नाही, ८ बघा. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, तिथून डिंकासारखं पाझरलंय, कापल्यावर पांढऱ्या अळ्या: फळमाशी. त्यावर हातानं परागीभवन करून काही उपयोग नाही. क्यू-ल्यूरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा टांगा, टोचलेली फळं पिशवीत बांधून उन्हात ठेवा, मातीवर पडू देऊ नका कारण अळी मातीत जाऊन कोष करते. आणि धरलेलं फळ दोन-तीन दिवसांचं झालं की कागदी पिशवी घाला, मी तर हाच उपाय सगळ्यात खात्रीचा मानते.

टोमॅटोचा खालचा भाग काळा पडतोय तो यातला प्रकार नाही, तिथं पाणी कधी कमी कधी जास्त झाल्यामुळं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा.

१३. मिरचीशेजारी ढोबळी लावली तर ढोबळी तिखट होईल का? आणि दुधी कडू निघाला तो शेजारच्या कारल्यामुळं का?

ढोबळी तिखट होणार नाही. या वर्षीचं फळ आईच्या झाडाचं असतं, पराग कुणाचाही असो. फरक पडेल तो त्या फळातल्या बियांत, त्या पेरल्या तर पुढच्या झाडाला काहीही येऊ शकतं, म्हणून बी धरायचं असेल तर जाती लांब ठेवा किंवा फुलाला मलमलची पिशवी बांधा.

दुधी आणि कारल्याचा संकर होतच नाही. दुधी कडू निघतो तो बियाणंच तसं असल्यामुळं किंवा पाण्याचा फार ताण बसल्यामुळं. कडू दुधी खाऊ नका, त्याचा रस तर अजिबात पिऊ नका. त्यातल्या क्युकरबिटॅसिन या कडू द्रव्यामुळं उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं, आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) तज्ज्ञांनी पण याबद्दल सावध केलेलं आहे. कापल्यावर छोटा तुकडा चाखा, कडू लागला की थुंका आणि अख्खा फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही. रस प्यायलाच असेल आणि त्रास सुरू झाला तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

१४. कर्टुल्याच्या वेलाला दरवर्षी फुलं येतात, कर्टुलं एक पण नाही. तोंडलीला तर न करताच येतात. असं काहून?

कर्टुल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. तुमच्याकडं एकच वेल असेल तर कितीही वर्षं थांबला तरी काही होणार नाही. फुलामागं काटेरी पिल्लू आहे का बघा, असेल तर मादी आहे, मग रानातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून नराचा कंद आणा. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. फुलं संध्याकाळी उमलतात, हातानं पराग लावला तर जास्त धरतात. तोंडलीचं उलटं, आपण लावतो त्या फाट्याच्या वेलांना पराग न लागता फळ येतं. तशीच बिनबियांची हायब्रीड काकडी, पाकिटावर लिहिलेलं असतं, तिला ८ मधलं काही करायची गरज नाही.

१५. मक्याच्या कणसात मध्ये मध्ये दाणेच नाहीत.

मक्याचा पराग वाऱ्यानं जातो, आणि कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो, ज्या केसाला पराग लागला नाही तो दाणा भरत नाही. एका ओळीत चार झाडं लावली तर असंच होणार, किमान बारा-सोळा झाडं चौकोनात जवळ जवळ लावा आणि सकाळी तुरे हलवून पराग केसांवर पाडा. १३ मध्ये सांगितलेला नियम इथं चालत नाही बरं, मक्यात आपण दाणा म्हणजे बीच खातो. सिल्लोड-कन्नडकडं आजूबाजूला शेतात साधा मका तुऱ्यावर असेल तर गच्चीवरचा स्वीट कॉर्न कमी गोड होतो.

१६. कोणत्या झाडाला कसला आधार? बाजारातून जाळीच आणावी लागते का?

झाड कसं धरतं ते बघून ठरवा. काकडी, दुधी, दोडका, कारलं यांना तणावे असतात, ते बारीक वस्तूला पटकन विळखा घालतात, सुतळी, नायलॉनची चार-सहा इंची जाळी, बारीक काटक्या. जाड पाइपला त्यांना धरता येत नाही, आणि उघडी लोखंडी तार मेमध्ये तापते. चवळी आणि वाल अंगानंच पिळा घालत वर जातात, त्यांना उभी काठी नाहीतर उभी दोरी पाहिजे, आडवी जाळी नको. टोमॅटोला यातलं काहीच येत नाही, त्याला बांधावंच लागतं. वांगं, मिरची फळानं वाकायला लागली की एक काठी पुरे.

गावाकडं तूर निघाल्यावर तुराट्या आणून ठेवा, चवळी-वालाला त्या फार चांगल्या, फाटे असल्यामुळं वेल घसरत नाही. पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) शक्यतो नको, त्यांना चिकटलेल्या सुक्या बोंडांत बोंडअळी लपलेली असू शकते आणि ती भेंडीला पण लागते.

१७. टोमॅटो कसा बांधू? फुटवे काढायचे का?

काठी रोप लावतानाच रोवा, नंतर रोवली तर मुळ्या तुटतात. जुन्या सुती साडीच्या चिंध्या घ्या, काठी आणि खोड यांच्या मध्ये आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन गाठ काठीकडं मारा, खोडाभोवती बोट जाईल एवढी जागा. तार किंवा नायलॉनचा दोरा नको, खोड जाड झालं की काचतो. उंच वाढणाऱ्या जातीचे पानाच्या बगलेतले फुटवे आठवड्याला काढा. झुडपी जातीचे काढू नका, फळच कमी होईल. फेब्रुवारी संपला की कुणाचेच काढू नका, पानांची सावली गेली की फळावर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात.

१८. गच्चीत खिळे न मारता मांडव कसा करू? मागच्या वादळात सगळा उडून गेला.

स्लॅबला भोक पाडूच नका, वॉटरप्रूफिंग जातं. रंगाच्या चार बादल्यांत दगड आणि थोडं सिमेंट-वाळू भरून मधोमध बांबू उभे करा, सुकलं की पायथा पक्का. वर आडवे बांबू, कोपऱ्यांना तिरपा टेका, आणि निदान दोन बाजू कठड्याच्या खांबांना दोरीनं बांधा. उंची कठड्यापेक्षा दोन-तीन फूटच जास्त, सहा फुटी मांडव कशाला पाहिजे, वळवाचा वारा उंचावरच जास्त जोर करतो. शेडनेट आणि वेलाची जाळी एकाच सांगाड्यावर ताणू नका. आभाळ भरून आलं की शेडनेटच्या दोन बाजू सोडून देता आल्या पाहिजेत, म्हणून तिथं सुरगाठ.

१९. वाऱ्यानं टोमॅटोचा दांडा मोडला, अर्धा लटकतोय. काढून टाकू?

अर्धी साल जोडलेली असेल तर लगेच सरळ करा, दोन्ही बाजूंनी आइस्क्रीमच्या काड्या लावून कापडी पट्टी गुंडाळा, वरचा भाग काठीला बांधा आणि दोन दिवस सावलीत ठेवा, बऱ्याचदा जुळतो आणि तिथं गाठ धरते. पूर्ण तुटला असेल तरी शेंडा फेकू नका. खालची पानं आणि फुलं काढून अर्धा दांडा ओल्या मातीत गाडा, टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळ्या फुटतात, आठ-दहा दिवस सावलीत ओल ठेवली की नवीन रोप तयार. वांग्या-मिरचीला असं सहज जमत नाही, त्यांचा मोडलेला भाग स्वच्छ कापून टाका, खालून फुटवा येतो.